आत्याला मॅगझिनं किती लागतात

वायोमिंग, ६ मे १९९७

आत्या,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, हुकूमच! 'पिस्तुलासाठी अजून तीन मॅगझिनं पाठव, हॉबर्टची आहेत तसलीच. मी बरी आहे.' संपलं. मी पाकीट उलटं करून झटकलं, म्हटलं एखादं पान आत अडकलं असेल.

अगं, तीन आहेत की तुझ्याकडे! हॉबर्ट काका गेले ते पिस्तुलाबरोबर तीन मॅगझिनं मागे ठेवून. आणि ती तिन्ही मी जानेवारीत निघायच्या आधी तुझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून सात-सात काडतुसं घालून भरून आलोय. तूच समोर बसून भरायला लावलीस, 'तुझ्या हाताची सवय जायला नको मेल्या' म्हणून. एकवीस गोळ्या झाल्या. आपल्या घळीत माणसं तरी एकवीस उरलीत का?

काल जेवणघरात विषय काढला आणि पस्तावलो. कॅम्पात पिस्तूल आणायला बंदी आहे, पण मतं आणायला नाही. फेरेल टेक्सासचा, तो म्हणाला, "पंधरा. त्याच्या खाली असली तर घरात पिस्तूल आहे असं चारचौघांत बोलू नये." आमचा वेल्डर लेव्हॉन युटाचा, मॉर्मन पंथाचा, अकरा पोरांचा बाप. त्यांच्यात वर्षाचं धान्य घरात भरून ठेवायची रीत. तो म्हणाला, "मॅगझिन गव्हासारखं असतं. जास्त झालं म्हणून कुणी रडलंय का?" स्वयंपाकीण आयडेला सत्तरीची आहे. तिनं अंडी परततानाच सांगितलं, "एक. ते संपलं की दार लावून घ्यावं." मग जे पेटलं ते पेटलं. मुकादम येऊन ओरडला तेव्हा कुठे माणसं कामावर गेली. तेलाची विहीर तासभर उशिरा चालू झाली ती तुझ्यामुळे.

तर खरं सांग. अस्वल आलंय का कोंबड्यांच्या खुराड्याशी? की चर्चमधल्या व्हर्लीनबाईंशी भांडण उठलंय?

मी मजेत आहे. जागा बदलायचा विचार चाललाय. अलास्कात मासेमारीच्या बोटींवर माणसं हवीत म्हणे.

तुझा,
गारलंड


केंटकी, १७ मे

गारलंड,

तीन मॅगझिनं मागितली तर तीन पानं आली. पानं पिस्तुलात बसत नाहीत.

अलास्का म्हणे! कोळशाच्या खाणीत चार महिने, कोंबड्यांच्या कारखान्यात सात आठवडे, मग ती कोळंबीची बोट, तिथं तुला उलट्या झाल्या. आता पुन्हा बोट? तुझ्या पायाला भिंगरी लागलीय ती लागलीय, पोटाला तरी विचार.

अस्वल नाही, भांडण नाही. साधी गोष्ट आहे. भरून ठेवलेल्या मॅगझिनची स्प्रिंग दमते. म्हणून तीन कामावर, तीन विश्रांतीला. हॉबर्ट असंच म्हणायचा. दुसरं म्हणजे सप्टेंबरातल्या कामगार दिनाच्या सोमवारी आपल्या जुन्या दगडखाणीत नेमबाजी असते, विसरला नसशील. सहा फेऱ्या, दर फेरीला सहा लोखंडी थाळ्या, एक मॅगझिन. सहा भरलेली कमरेला असली की मधे बसून भरत बसावं लागत नाही. व्हर्लीन नऊ आणते. ओळीनं मांडते टेबलावर, लग्नातले चमचे मांडावेत तशी.

आणि बॅलार्ड मास्तर अजूनही पंच आहेत, आणि अजूनही म्हणतात, "आपलं मॅगझिन आपण भरावं, नाहीतर रक्ताच्या माणसानं. परक्याच्या हातचं पिस्तुलात घालू नये." शाळेत तुला पाढे म्हणायला लावायचे तशाच सुरात.

तेव्हा तीन पाठव. भरूनच पाठवता आली तर फार बरं.

तुझी आत्या,
मॅक्सीन


वायोमिंग, २ जून

आत्या,

पाठवली तीन. रिकामी.

'भरूनच पाठव' म्हणे! पोस्टातल्या बाईला मी तुझं वाक्य वाचून दाखवलं. तिनं चष्मा काढला, माझ्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या नियमांच्या पाटीकडे बोट केलं. काडतुसं पोस्टानं जात नाहीत आत्या. तू चाळीस वर्षं पिस्तूल चालवतेस, तुला माहीत नाही होय? की मला तुरुंगात बसवायचंय, म्हणजे एका जागी राहीन?

तर आता झाली सहा. कर व्हर्लीनबाईंचा पराभव. गेल्या वर्षी दोन थाळ्यांनी हरलीस तेव्हा महिनाभर चर्चमध्ये तिच्या मागच्या बाकावर बसलीस, तिच्या टोपीला डोळ्यांनी भोकं पाडत. मला सगळं कळतं.

चार जुलैच्या सुटीला येणं जमणार नाही. दुहेरी पाळी लागलीय. हॅम माझ्या वाटचं तूच खा.

गारलंड


केंटकी, १९ जून

चि. गारलंड यास,

अक्षर बघून दचकू नकोस. सांगतेय मी, लिहितायत बॅलार्ड मास्तर. बादली उचलताना मनगट लचकलं, दोन दिवसांचं दुखणं आहे.

मॅगझिनं पोहोचली. चांगली आहेत. अजून दोन पाठव.

चार जुलैला नाही तर नाही. कामगार दिनाला येशील का तेवढं कळव. आलास तर दोन दिवस राहा. काही काम नाही विशेष. टेबलाशी बसून गप्पा मारू, हाताला काहीतरी चाळा असावा म्हणून मॅगझिनं भरू.

हॅम मी खाणार नाही. मास्तर खातील. (हे वाक्य मी लिहिणार नव्हतो, पण सांगितलं तसं लिहायचं असं ठरलं आहे. – बॅ. नोबल)

परसात शेंगा आल्यात. उन्हाळा बरा आहे.

तुझी आत्या


वायोमिंग, ५ जुलै

आत्या,

आणि मास्तर, तुम्ही हे वाचून दाखवत असणार म्हणून तुम्हालाही नमस्कार. नववीत तुम्ही माझ्या निबंधाखाली लिहिलं होतं, 'वाक्य कुठे संपतं ते या मुलाला कळत नाही.' अजून कळत नाही. लाल पेन खिशातच ठेवा.

आत्या, आठ? हे मात्र अती झालं. फेरेल खूश झाला, म्हणाला, "बाई सुधारतेय, पंधरापर्यंत येईल." पण लेव्हॉन मला बाजूला घेऊन म्हणाला, "स्प्रिंग भरून ठेवल्यानं दमत नाही रे. वापरून दमते. माझ्या आजोबांचं भरलेलं मॅगझिन तीस वर्षांनी काढलं, नव्यासारखं चाललं." म्हणजे ते 'तीन कामावर, तीन विश्रांतीला' ही निव्वळ थाप होती. तू मला थाप मारलीस, तीही हॉबर्ट काकांच्या नावावर!

मग आठ कशाला? मी पाळीवर उभा असतो आणि डोक्यात हेच. कुणी त्रास देतंय का तुला? रस्त्यावरून गाड्या वर येतात का? ते वरच्या घरातले नवे भाडेकरू? नाव सांग फक्त. एकदा तरी सरळ सांग. फोन कर म्हटलं तर म्हणतेस, 'फोनवर माणूस पटकन खोटं बोलतं, कागदावर विचार करावा लागतो.' तू विचार करून खोटं बोलतेस!

आणि दुसरी शंका. मनगट खरंच लचकलं, की मास्तरांना हॅम खायला बोलवायचं निमित्त? मास्तरांची बायको जाऊन सहा वर्षं झाली. मी लहान नाही. आठ मॅगझिनं लग्नाच्या आहेरात मांडायची असतील तर तसं सांग, रिबिन बांधून पाठवतो.

गारलंड


केंटकी, १८ जुलै

चि. गारलंड यास,

तुझं पत्र मास्तरांनी मोठ्यानं वाचलं. रिबिनीपाशी आले आणि खोकला लागला त्यांना. पाणी द्यावं लागलं. लाज वाटत नाही तुला, वडीलधाऱ्या माणसाच्या तोंडून असलं वदवायला? मला हसू आवरेना ते वेगळं. (हसल्या. बराच वेळ. – बॅ. नो.) हे लिहू नका हो मास्तर. आणि हेही लिहू नका. झालं, लिहिलं.

मला कुणी त्रास देत नाही. वरचे भाडेकरू म्हणजे दोन शिक्षिका आणि एक बोका आहे. बोक्याला आठ मॅगझिनं लागत नाहीत.

स्प्रिंगांबद्दल तुझ्या वेल्डरला फार कळतं. बरं. मग असं समज की मला हौस आहे. बायका कपबश्या जमवतात. मी ही जमवते. दोन पाठव नाहीतर नको पाठवू, पण कामगार दिनाला येतोस का याचं उत्तर दे. दोन पानं लिहिलीस, त्यात तेवढं सोडून सगळं आहे.

तुझी आत्या

ता. क. तुझ्या आत्या चुलीवरच्या शेंगा बघायला आत गेल्या आहेत, तेवढ्यात मी, मास्तर, लिहितो. गारलंड, मनगट लचकलेलं नाही. संधिवात आहे, दोन्ही अंगठे गेले. ट्रिगरचं बोट चालतं, पिस्तुलाचा वरचा सरकता भाग तळव्यानं ओढतात, नेम पूर्वीसारखाच आहे. पण मॅगझिनमधलं काडतूस अंगठ्यानं खाली दाबायला लागतं, ते होत नाही. लेखणीही धरवत नाही. तू भरून गेलास त्या तिनांपैकी दोन त्यांनी वसंतात चालवली, तिसरं उशाच्या ड्रॉवरमध्ये आहे. तेव्हापासून दगडखाणीतल्या शनिवारच्या सरावाला नुसतं बाकावर बसून इतरांचे गुण लिहायच्या, 'डोळ्यांतून पाणी येतं' म्हणून. आता तेही मी लिहितो. मी भरून देतो म्हटलं तर ऐकत नाहीत. पंचानं भरलेलं चालत नाही, आणि नियम माझाच आहे. मॅगझिनं का वाढवतात ते आता तुला कळेल. तू एकदा येऊन सगळी भरून गेलास की किती शनिवार पुरतील, असा हिशोब आहे. नेमबाजीच्या सोमवारी त्यांना सगळ्यांसमोर 'माझ्यानं होत नाही' म्हणायचं नाही. मी सांगितलं हे कळू देऊ नकोस. शेंगा लागल्या आहेत, वास येतोय, त्या येताहेत.


वायोमिंग, ५ ऑगस्ट

आत्या,

दोन पाठवतोय. आठ झाली. फेरेलनं टाळ्या वाजवल्या, आयडेलानं त्याच्या ताटातलं मांस परत घेतलं.

पाकिटात अजून एक वस्तू आहे. घाबरू नकोस, लोखंडाचा तुकडा आहे. कॅम्पात सगळ्यांकडे असतो. इथे सगळे हेच वापरतात, अंगठ्यानं कुणी भरतच नाही आता, जुनी पद्धत झाली ती. चौकोनी नळी आहे, एका बाजूनं ओठ बाहेर आलाय. मॅगझिन टेबलावर उभं कर, नळी वरून बसव, तळव्यानं दाब. ओठ वरच्या काडतुसाला खाली ढकलतो, पुढचं सरकवायला जागा होते. कणीक तिंबतेस ना, तेवढाच जोर. अंगठा लागतच नाही. लेव्हॉननं केलाय. मी त्याच्या डोक्याशी बसून चार वेळा घासून घेतला, एकदा ओठ जाड झाला, एकदा नळी सैल झाली. कडा गुळगुळीत केल्यात, हाताला लागणार नाहीत.

कामगार दिनाचं विचारलंस. विहीर खणायची रिग हलवायची आहे त्याच आठवड्यात. मुकादम सोडत नाही. म्हणजे मी विचारलेलं नाही अजून. विचारलं तर सोडेलही. मला कळत नाही आत्या, घरी आलं की तिसऱ्या दिवशी पाय सळसळतात आणि तू बघत असतेस. तू काही बोलत नाहीस, तेच अवघड जातं.

पण आता तुला माझी गरज नाही. तुकडा आहे.

मास्तरांना सांग, नववीत नापास झालेल्या पोराला या वेळचा धडा समजला.

गारलंड


केंटकी, ३ सप्टेंबर

गारलंड,

अक्षर बघ. चिखलात कोंबडी नाचावी तसं आहे, पण माझं आहे. लेखणीला चिंध्या गुंडाळून जाड केलीय. हे पत्र मास्तरांना सांगायचं नव्हतं.

'इथे सगळे हेच वापरतात' म्हणे! मेल्या, तुमच्या कॅम्पात पिस्तूल ठेवायला बंदी आहे हे तूच मे महिन्यात लिहिलंस. पिस्तूल नाही आणि मॅगझिन भरायचं यंत्र मात्र घरोघरी? थाप मारायला तू माझ्याकडेच शिकलास, पण अर्धवट शिकलास. मी मास्तरांना नुसतं विचारलं, "तुम्ही लिहिलंत का?" वर्गात चिठ्ठी पकडलेल्या पोरासारखे टोपी हातात घेऊन उभे राहिले. दोन दिवस त्यांना मक्याची भाकरी दिली नाही. तिसऱ्या दिवशी दिली.

तुकडा चालतो. कॉफी उकळेपर्यंत एक मॅगझिन भरून होतं. पहिलं भरलं आणि मी तशीच बसले टेबलाशी, कॉफी उतू गेली.

आता सोमवारचं. आठांतलं एक उशाशी ड्रॉवरमध्ये असतं, ते तसंच ठेवलं. सहा भरून कमरेला लावली. आठवं मुद्दाम रिकामं ठेवलं होतं. ते तुझ्या वाटचं, तू टेबलाशी बसून भरायचं. शकुनाला पिशवीत टाकून नेलं, तुकड्याबरोबर.

पाच फेऱ्या झाल्या, मी आणि व्हर्लीन बरोबरीत. शेवटच्या फेरीला नाव पुकारलं तिचं, आणि कमरेवरून मॅगझिन काढताना तिच्या हातून निसटलं. खाली खडक. तोंड वाकलं त्याचं. मी म्हटलं, हिला काय, नऊ आणते. तर ती टेबलाशी गेली आणि उभीच. गारलंड, उरलेली तिन्ही रिकामी होती! सगळी वर्षं नुसती मांडायला आणायची. मग ती भरायला बसली. एक काडतूस पडलं. दुसरं पडलं. मी तिचे अंगठे बघितले. माझेच अंगठे होते ते. तिचा नातू ओहायोला असतो, मोटारींच्या कारखान्यात. तो येतो तेव्हा भरून जातो.

सगळे आभाळाकडे बघायला लागले, जणू विमान चाललंय. मास्तरांच्या हातात घड्याळ. नाव पुकारल्यावर तयार नसेल तो बाद, हाही नियम त्यांचाच.

मी माझं सहावं तिच्यापुढे धरलं. ती म्हणाली, "कुणी भरलंय?"

"मी."

"तू?" माझ्या हातांकडे बघितलं तिनं. "खोटं बोलतेस मॅक्सीन."

"घालायचं तर घाल, नाहीतर टोपी उचल आणि घरी जा."

घातलं तिनं. परक्याच्या हातचं, चाळीस वर्षांत पहिल्यांदा. मास्तर तेवढा वेळ घड्याळाला चावी देत होते. सहाच्या सहा थाळ्या पाडल्या बयेनं.

मग माझी पाळी. माझ्याकडे भरलेलं एकही नाही. पिशवीतून तुझ्या वाटचं ते रिकामं काढलं, तुकडा काढला, आणि सगळ्यांसमोर टेबलाशी बसून भरलं. सात वेळा तळवा दाबला. नाव पुकारायच्या आधी घसा साफ करावा लागतो म्हणून मास्तर खाकरत होते, तेही सात वेळा खाकरले. आता आभाळाकडे कुणी बघत नव्हतं. म्हातारा कूट्स तर जवळ येऊन वाकून बघत होता. म्हणाला, "बाई, हे कुठे मिळतं? माझ्या हातांनाही..." मी म्हटलं, "वायोमिंगला. वाक्य कुठे संपतं ते कळत नाही अशा मुलांकडे."

पाच पाडल्या. एक चुकली. चषक व्हर्लीनचा. मी दुसरी.

तेव्हा लेव्हॉनला सांग, अजून दोन तुकडे लागतील, एक व्हर्लीनला, एक कूट्सला. कडा तशाच गुळगुळीत करायच्या.

आणि 'तुला माझी गरज नाही' असं लिहिलंस. तुकडा टेबलाशी बसून अलास्काच्या गप्पा मारत नाही. तिसऱ्या दिवशी पाय सळसळले तर जा, मी कधी आडवी आलेय? मी बघत असते, कारण मला बघायला आवडतं.

आता मॅगझिनं किती लागतात ते सांगते, म्हणजे तुझ्या जेवणघरातलं भांडण मिटेल. मला आठ लागतात. सात आहेत. व्हर्लीन माझं कमरेला लावून तशीच चषक घेऊन घरी गेली, आणि मी ते मागणार नाही, ते तिच्याकडेच राहू दे.

एक कमी पडतंय. पोस्टानं पाठवायचं नाही. हातानं आण, आणि रिकामं आण.

तुझी आत्या,
मॅक्सीन